लाखाचा मासा

स्क्रॅबलच्या पटाईत खेळाडूला इंग्रजी उत्तम येतं हा गैरसमज आहे. त्याला इंग्रजीच्या फटी उत्तम माहीत असतात. पटावर जेमतेम दोन-तीन घरं मोकळी, हातात क्यू, एक्स, झेड अशी आडमुठी अक्षरं अडकलेली, अशा वेळी शेक्सपियर कामाला येत नाही. कामाला येतात ते जगाच्या कानाकोपऱ्यांतून शब्दकोशात शिरलेले वीतभरही लांबी नसलेले शब्द. ए-ए म्हणजे हवाईतला खडबडीत लाव्हा. ए-आय म्हणजे दक्षिण अमेरिकेतला तीन नख्यांचा सुस्त स्लॉथ. एक्स-यू म्हणजे व्हिएतनामचं एके काळचं चिल्लर नाणं. झेड-ए म्हणजे पिझ्झाचं तोडलेलं शेपूट. सी-डब्ल्यू-एम म्हणजे वेल्समधल्या डोंगरातला खोलगट भाग, आणि त्याच्या स्पेलिंगात आपल्या ओळखीचा एकही स्वर नाही. मुरलेले लोक यांचे अर्थ पाठ करत नाहीत, फक्त स्पेलिंगं करतात. मी अर्थ बघत बसतो आणि हरतो.

अर्थ बघण्याच्या याच खोडीतून एल-ओ-एक्स हा शब्द हाती लागला. लॉक्स. एल आणि ओ यांचा एकेक गुण, एक्सचे ८, एकूण १०. शंभर टाइल्समध्ये एक्स एकच. मंदीत नोकरी गमावलेल्या आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात हा खेळ रचला, तेव्हा कोणतं अक्षर किती वेळा येतं हे त्याने वर्तमानपत्रांतून मोजलं होतं, आणि एक्स त्यात दुर्मीळ निघाला. लॉक्स म्हणजे मिठात किंवा खारवणीत मुरवलेला सामन मासा. न्यूयॉर्कमध्ये तो बेगल नावाच्या कडंवजा पावात घालून खातात. इथवर काही विशेष नाही.

विशेष आहे ते पुढे. याच खेळात आपल्याकडून गेलेले दोन शब्द चालतात. एक एल-ए-सी, म्हणजे लाख, बांगड्यांची आणि मोहोरेची, गुण ५. दुसरा एल-ए-के-एच, म्हणजे लाख, रुपयांची, गुण ११. आणि १९५१ साली पाउल थीमे या जर्मन संस्कृतज्ञांनी एक लेख लिहिला, ज्याच्या मथळ्याचा अर्थ होतो ‘भारतातला सामन मासा’. त्यात त्यांचं म्हणणं असं की बांगडीची लाख, रुपयांची लाख आणि बेगलमधला लॉक्स हे तिन्ही शब्द एकाच माशाच्या पोटातून निघाले आहेत.

थीमे हे ऐऱ्यागैऱ्यांपैकी नव्हते. पाणिनी आणि वेद यांवर त्यांचा अधिकार होता, तरुणपणी त्यांनी अलाहाबाद विद्यापीठात शिकवलं होतं, आणि १९८८ मध्ये त्यांना क्योटो पुरस्कार मिळाला. त्यामुळे ही कल्पना हसून सोडून देता येत नाही. मला तर ती सोडवतच नाही.

आधी लॉक्सचा सरळ वंश उरकून घेऊ. पूर्व युरोपातून अमेरिकेत गेलेल्या ज्यूंच्या यिडिश भाषेत सामनला ‘लाक्स’ म्हणतात. यिडिशने तो घेतला जुन्या जर्मनमधून, आणि जर्मनमध्ये तो आजही ‘लाक्स’च आहे. स्वीडिश आणि आइसलँडिकमध्येही ‘लाक्स’. रशियनमध्ये ‘लोसोस’, लिथुआनियनमध्ये ‘लाशिशा’, लॅटव्हियनमध्ये ‘लासिस’. गंमत अशी की इंग्रजीतही हा शब्द होता: जुन्या इंग्रजीत ‘लेआक्स’. नॉर्मन लोकांची फ्रेंच भाषा आली, तिच्याबरोबर लॅटिन वळणाचा ‘सामन’ आला आणि घरचा शब्द मागे पडत पडत मेला. मग विसाव्या शतकात तोच शब्द यिडिशच्या दुकानातून, खारवलेला, परत आला. हा शब्द आठ हजार वर्षं उच्चारात आणि अर्थात जसाच्या तसा टिकला, असं कौतुकाने लिहिलं जातं. ते मला पटत नाही. मधली काही शतकं इंग्रजीत तो नव्हताच, आणि परत आला तेव्हा मासा पोहत नव्हता, पावात होता.

आता मुद्दा संस्कृतचा. युरोपातल्या भाषांमधल्या या ‘क्स’ आणि ‘श’ यांच्या जागी संस्कृतात नेमानं ‘क्ष’ येतो. हा भाषाशास्त्रातला जुना, घासूनपुसून पाहिलेला नियम आहे. चाकाचा कणा घ्या: लॅटिन ‘आक्सिस’, जर्मन ‘आक्से’, लिथुआनियन ‘आशिस’, संस्कृत ‘अक्ष’. बैलगाडीचा आपला ‘आस’ त्याचाच नातू. उजवी बाजू घ्या: लॅटिन ‘डेक्स्टेर’, लिथुआनियन ‘देशिने’, संस्कृत ‘दक्षिण’. त्याच साच्यात जर्मन ‘लाक्स’ आणि लिथुआनियन ‘लाशिशा’ ओतले, तर संस्कृतात जो शब्द पडायला हवा तो नेमका ‘लक्ष’. ध्वनीच्या बाजूने थीमे यांना कुणी अडवू शकत नाही. अडचण एवढीच की संस्कृतात ‘लक्ष’ नावाचा मासा कुठेच पोहताना दिसत नाही.

त्याचं उत्तर थीमे यांच्याकडे तयार होतं. सिंधू, गंगा, यमुना यांत सामन नाही. मासा दिसेनासा झाला की त्याचं नाव एक तर मरतं, नाही तर दुसऱ्या कशाला तरी चिकटतं. माशाचा रंग चिकटला लाक्षेला, म्हणजे लाखेला, माशांचे थवे चिकटले संख्येला. सामनचं मांस तांबूस, लाखेचा रंगही तांबडा. आणि सामन नदीत उलटे चढून येतात ते झुंडीने, पाणी दिसू नये इतके. म्हणून ‘लक्ष’ म्हणजे मोजता न येणारी गर्दी, आणि पुढे मोजलेली गर्दी: १,००,०००.

इथे आपण दोन्ही दाव्यांना वेगवेगळं धरून पिळून पाहू. लाखेचा दावा आधी.

लाखेचं सर्वांत जुनं वर्णन अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातल्या एका सूक्तात आहे. जखम भरून आणणारं औषध म्हणून तिथे तिची विनवणी केली आहे. तिला सोनेरी म्हटलंय, झाडाझाडावर चढणारी म्हटलंय, आणि (थीमेपक्षाच्या माणसाने इथे टाळीच वाजवावी) पाण्याची बहीण म्हटलंय. झाडावरच्या किड्याच्या चिकाला पाण्याची बहीण कशाला म्हणायचं? माशाची आठवण तर नाही ना? मला हे फार मोहक वाटलं होतं. पण वैदिक कवी पाण्याशी कुणाचंही नातं जोडतात, आणि औषधाचं तर पहिल्यांदा. या टाळीत फार दम नाही.

विरुद्ध बाजूचा पुरावा मात्र भक्कम आहे. अमरकोशात लाक्षेला जे पर्याय दिले आहेत त्यांत चक्क ‘राक्षा’ आहे. र आणि ल यांची अदलाबदल संस्कृतात पदोपदी दिसते: रोम आणि लोम, रोहित आणि लोहित. अशोकाच्या पूर्वेकडच्या लेखांत तर राजाचासुद्धा ‘लाजा’ होतो. मग ‘रञ्ज्’, म्हणजे रंगवणं, तांबडं करणं, या धातूपासून ‘राक्षा’ आणि तिची ‘लाक्षा’ असा सरळ रस्ता असताना बाल्टिक समुद्रापर्यंत जायचं कशाला? त्याच लाखेपासून काढलेला रंग म्हणजे अळता, संस्कृतात ‘अलक्तक’, आणि तोही ‘आरक्त’चाच लकारी अवतार मानला जातो. कन्नडमध्ये लाखेला ‘अरगु’ म्हणतात, तमिळमध्ये ‘अरक्कु’. तिथेही र आहे. लाखेचे किडे पळस, बोर, कुसुम यांच्यावर वाढतात आणि त्यांचं मोठं आगर पूर्वेच्या जंगलात, आजच्या झारखंड-छत्तीसगडच्या पट्ट्यात आहे. ‘र’चा ‘ल’ करणारी बोलीही पूर्वेचीच. लाख तिच्या माहेरच्या उच्चारासकट बाजारात आली, असं मी बिनधास्त म्हणेन.

याला मराठीतून एक पुरवणी जोडतो. मराठीत जुन्या ‘क्ष’चे दोन वंश दिसतात. क्षेत्राचं शेत झालं, मक्षिकेची माशी, इक्षूचा ऊस, कुक्षीची कूस, अक्षाचा आस. ही घरची मंडळी, स-श वाली. दुसरीकडे कक्षाची काख आणि लाक्षेची लाख, ही ख वाली. घरच्या वळणाने गेली असती तर लाक्षेची ‘लास’ झाली असती. तशी झाली नाही. माझा कयास असा की हा माल आणि त्याचं नाव दोन्ही उत्तर-पूर्वेच्या व्यापाऱ्यांनी आणून दिलं. काखेचं मात्र या कयासात काय करायचं ते विचारू नये. काख कुणी विकत आणत नाही.

रंग आणि मासा यांच्या नात्यात आणखी एक खोच आहे. थीमे म्हणतात माशावरून रंगाला नाव पडलं. आपल्याकडे उलट घडल्याचा पुरावा ताटात आहे. रोहू हा मासा संस्कृत ‘रोहित’, म्हणजे तांबडा. शास्त्रीय नावातही तो लॅबिओ रोहिता असा तांबडाच राहिला. रंगावरून मासा, ही दिशा सोपी. माशावरून रंग, तोही मासा विसरून गेल्यावर, ही दिशा अवघड. अशक्य नाही, इंग्रजीत आज फिकट गुलाबीला सामन रंग म्हणतातच. पण तिथे मासा अजून बाजारात आहे.

तेव्हा लाखेचा खटला थीमे हरले असं माझं मत. जाता जाता एक भरपाई: अमरकोशातच लाखेला ‘जतु’ असंही नाव आहे, पांडवांचं जतुगृह ते हेच. या जतूचे युरोपातले भाऊबंद शाबीत आहेत, लॅटिन ‘बिटुमेन’ आणि इंग्रजी ‘कड’, म्हणजे गाय रवंथ करताना चघळते तो घास. सी-यू-डी, ६ गुण. चिकट, चघळायचं, झाडाचं. म्हणजे लाखेला युरोपात नातेवाईक हवेच असतील तर आहेत, फक्त मासे नाहीत.

आता संख्या. इथे मी थीमे यांच्या बाजूने उभा आहे, आणि एकटा पडलो तरी हरकत नाही.

रूढ मत असं की ‘लक्ष’ म्हणजे खूण. लक्षण, लक्ष्य, लक्षात ठेवणं, लक्ष देणं हा सगळा परिवार खुणेचा. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातल्या इंद्राच्या प्रसिद्ध सूक्तात हा शब्द एकदा येतो, आणि तिथे तो जुगाऱ्याने जिंकून उचललेल्या डावाच्या रकमेसाठी आहे. खूण केलेली वस्तू, पणाला लावलेली वस्तू, मोठी रक्कम, मोठी संख्या: अशी साखळी कोशकार जोडतात. शब्दखेळाच्या नादात ज्या शब्दामागे लागलो तो मुळातच जुगाराच्या पटावर सापडावा, हे मला आवडलं. पण साखळी आवडली नाही. खुणेपासून एक लाखापर्यंत पोचायला जितक्या उड्या माराव्या लागतात तितक्या माशाला लागत नाहीत. माशाला एकच उडी पुरते, आणि सामन उड्यांसाठीच प्रसिद्ध आहे.

झुंडीवरून संख्येला नाव, हे जगाला नवीन नाही. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत एका संख्येसाठी बेडकाचं पिल्लू काढतात. नाईलचा पूर ओसरला की चिखलात ही पिल्लं वळवळताना दिसायची. ती संख्या कोणती? दहा हजार नाही, दहा लाखही नाही. बरोबर १,००,०००. त्या पिल्लाला मराठीत आपण बेडूकमासा म्हणतो, म्हणजे शेवटी मासाच. चिनी लिपीत दहा हजारासाठी विंचवाचं चित्र आहे, तेही काही जण या यादीत घालतात. मी घालत नाही, कारण विंचू तिथे उच्चार सारखा म्हणून उसना घेतला आहे, विंचवांची झुंड बघून नव्हे.

घरचा पुरावाही आहे. शाळेत आपण एकं, दहं, शतं करत वर चढायचो, ती उतरंड भास्कराचार्यांच्या लीलावतीत, इसवी सनाच्या बाराव्या शतकात, जवळपास तशीच आहे. वरच्या पायऱ्यांची नावं पाहा: अब्ज म्हणजे पाण्यात जन्मलेलं, कमळ. महापद्म म्हणजे मोठं कमळ. जलधी म्हणजे समुद्र. आपले मोठे आकडे पाण्यात राहतात. त्या शेजारात एक मासा असला तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते इथे. यजुर्वेदात यज्ञाच्या विटांसाठी दहाच्या पटीने वाढत जाणाऱ्या संख्यांची यादी आहे, परार्धापर्यंत. तिच्यात लाखाच्या घरात ‘लक्ष’ नाही, ‘नियुत’ आहे. जर मासा आर्यांच्या पूर्वजांबरोबर उत्तरेकडून निघाला होता आणि झुंडीचा अर्थ त्याला तेव्हाच चिकटला होता, तर सर्वांत जुन्या यादीत तो का नाही आणि नंतरच्या ग्रंथांत एकदम कसा उगवला? थीमे यांच्यावरचा हा सर्वांत जड आक्षेप आहे.

माझं उत्तर असं. यज्ञाची भाषा आणि बाजाराची भाषा एक नसते. आपल्या आज्या पोरांच्या पाटीवर दहं-शतं बघत होत्या आणि स्वतः अंडी, आंबे, गोवऱ्या विसांनी मोजत होत्या. ‘तीन विसा’ कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडायचं नाही म्हणून ते नव्हतं असं होत नाही. ‘लक्ष’ तसाच बोलीत, जुगाऱ्यांत, कोळ्या-व्यापाऱ्यांत फिरत राहिला असेल आणि पुरोहितांचा ‘नियुत’ मागे पडल्यावर वर आला असेल. पुरावा? ऋग्वेदातला तो एकटा जुगारी. तो देवळात नव्हता, अड्ड्यावर होता.

हा वाद निव्वळ शब्दांपुरता असता तर कुणी फार रक्त आटवलं नसतं. पण त्यावर एक मोठं घर उभं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या काही अभ्यासकांनी असा तर्क लढवला की अटलांटिकचा सामन फक्त बाल्टिक आणि उत्तर समुद्राला, अटलांटिकला मिळणाऱ्या नद्यांत चढतो. काळ्या समुद्राच्या किंवा कॅस्पियनच्या नद्यांत नाही. संस्कृत आणि युरोपातल्या या भाषा ज्या एका मूळ भाषेतून निघाल्या तिच्यात ‘लाक्स’ होता, तर ती बोलणाऱ्यांचं मूळ घरही तिकडेच असणार. याला नावच पडलं ‘लाक्स-युक्तिवाद’. कार्ल पेंकासारख्यांना आर्यांचं घर स्कँडिनेव्हियात हवंच होतं, त्यांना हा मासा फार रुचला. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य आशियाच्या वाळवंटातून तोखारी भाषेची हस्तलिखितं निघाली, आणि तीत ‘लाक्स’ सापडला, अर्थ नुसता ‘मासा’. म्हणजे हा शब्द फक्त उत्तर युरोपाच्या मालकीचा राहिला नाही. थीमे यांचा लेख या गरम तव्यावर पडला. संस्कृतातही तो शब्द निघाला, तर पूर्वेच्या दोन्ही टोकांना साक्षीदार मिळत होते, आणि थीमे स्वतः मूळ घर बाल्टिकच्या बाजूलाच मानत होते.

तव्याखालचा जाळ काढून घेतला तो माशांच्या अभ्यासाने. १९८० च्या दशकात रिचर्ड डायबोल्ड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने एकेका भाषेतली सामनच्या कुळातल्या माशांची नावं तपासली आणि दाखवलं की मूळ शब्दाचा अर्थ अटलांटिकचा मोठा सामन असण्याचं कारण नाही. तो ठिपकेदार ट्राउट असावा. ट्राउट काळ्या समुद्राला आणि कॅस्पियनला मिळणाऱ्या नद्यांतही आहे. माशाचं घर रुंदावलं, तसं माणसांचंही रुंदावलं, आणि बाल्टिकचा हट्ट संपला. झुंडीचा मुद्दा मात्र मला यात बुडालेला दिसत नाही. ट्राउटचीही समुद्रात जाणारी जात झुंडीनेच नदी चढते.

राहिला लाखेचा पश्चिमेकडचा प्रवास, तो सर्वज्ञात आहे. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात आपल्या पश्चिम किनाऱ्याकडून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या मालात ‘लाक्कोस’ आहे. फारसी, अरबी, मध्ययुगीन लॅटिन, पोर्तुगीज असं करत ती इंग्रजीत पोचली. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथात लाखेवर एक संवादच आहे, आणि ती मुंग्या बनवतात असं त्यात म्हटलंय. किड्याचं नीट वर्णन जेम्स कर याने १७८१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवलं. किड्याचं शास्त्रीय नाव ‘केरिया लाक्का’ हे त्याच्याच नावावरून. इंग्रजीतला ‘लॅकर’ हा या लाखेचा वंशज. चित्रकारांच्या पेटीतला ‘क्रिमसन लेक’ सुद्धा तोच, तळ्याशी त्याचा काही संबंध नाही. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात चिकटणारी लाख आणि मोजायची लाख या दोन्ही नोंदल्या आहेत, शेवटी के न लावून आणि लावून वेगळ्या केलेल्या.

माशाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. डायबोल्ड यांचं मानलं तर ‘लक्ष’चा मूळ धनी ट्राउट, आणि तो भारतात नव्हता. १९०० च्या सुमारास इंग्रजांनी शिकारीच्या हौसेपायी त्याची अंडी आगबोटीने आणून काश्मीरच्या थंड ओढ्यांत सोडली. ती रुजली. तिथल्या हॅचऱ्यांत आज त्याची पिल्लं खरोखर लाखांनी मोजतात, आणि स्थानिक लोक त्याला ट्राउट म्हणतात.